आधी ताप, मग ताकद

आपल्या संस्थेच्या मासिक सभेच्या दिवशी वाहनतळावर नजर टाकली, तर मोटारींच्या रांगेच्या कडेला पाच-सहा जड दुचाक्या हमखास उभ्या दिसतात. बहुतेक रॉयल एनफिल्डच्या आणि त्यांतही थंडरबर्ड अधिक. उंच हँडल, ऐसपैस बैठक आणि संथ ठोक्याचे एकच मोठे सिलिंडर. आपले अस्थिरोगतज्ज्ञ मित्र या गाड्यांमुळे कमरेचे विकार कसे बळावतात याचे सविस्तर विवेचन करतात आणि सभा आटोपली की त्याच गाडीवर बसून घरी जातात. या मंडळींपैकी कोणी ना कोणी गेली दोन वर्षे मला एक प्रश्न विचारीत आले आहेत : "इंजिनाचे काम करून घेतलेत म्हणे, मग ताकद किती वाढली?" उभ्याउभ्या या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमत नाही. संपादकांनी यंदा 'वैद्यकीय विषय नको' अशी अट घालून चार पाने दिली, तेव्हा ते येथे मांडतो.

माझी गाडी २०१३ सालची थंडरबर्ड ५००. थंडरबर्ड हे नाव २००२ साली आले, पाचशे घनसेंटिमीटरची आवृत्ती २०१२ साली आली आणि २०२० साली प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले तेव्हा ही मालिकाच थांबली. म्हणजे ही गाडी आता नवीन मिळत नाही. सिलिंडरचा व्यास ८४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, ४९९ घनसेंटिमीटर. मिनिटाला ५२५० फेऱ्यांना २७.२ अश्वशक्ती आणि ४००० फेऱ्यांना ४१.३ न्यूटन-मीटर पीळ. इंधन फवाऱ्याने येते, व्हॉल्व्हचे टॅपेट तेलाच्या दाबावर आपोआप जुळतात आणि थंड करण्याचे सारे काम वाऱ्यावर सोपवलेले आहे.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे. २७ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २० किलोवॅट. अशा इंजिनात पेट्रोलमधील ऊर्जेचा ढोबळ मानाने चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. म्हणजे पूर्ण ताकदीने चालताना तीनपट, सुमारे ६० किलोवॅट, उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातील निम्मी सायलेन्सरमधून जाते असे धरले, तरी पंचवीस-तीस किलोवॅट उरतात. स्नानाचे पाणी तापवणारे एक किलोवॅटचे पंचवीस-तीस हिटर एका वेळी चालू करावेत, इतकी उष्णता सिलिंडरभोवतालच्या पातळ पात्यांनी आणि आतल्या तेलाने उचलून न्यायची असते. माणसाला घाम येतो, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, फार झाले तर तो सावलीत जाऊन बसतो. वातशीत इंजिनाला यांतले काहीच करता येत नाही. अंगावरून वारा वाहतो तोवर ते सुखी असते. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडीला वाट देत उभे राहिले की ते निव्वळ सोसत असते.

साहजिकच ज्याला इंजिनाची ताकद वाढवायची आहे, त्याने आधी या वाढीव उष्णतेची वाट लावून द्यायला हवी. अधिक ताकद म्हणजे अधिक पेट्रोल आणि अधिक पेट्रोल म्हणजे अधिक ताप. ही गोष्ट मला पुस्तकातून नव्हे, तर आमच्या शहापूरच्या मेस्त्रींकडून प्रथम कळली. सत्तरीचे गृहस्थ, हात कोपरापर्यंत तेलात. मी ताकदीचा विषय काढला तेव्हा शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ताकद मागून बघू की. आधी ह्याचा ताप कुठं अडकतोय ते बघूया."

त्या वेळी गाडी ६२००० किलोमीटर चालली होती. हजार किलोमीटरला जवळजवळ तीनशे मिलिलिटर तेल पीत होती आणि घाटात पूर्वीसारखी ओढत नव्हती. इतक्या चालीनंतर यात नवल काही नाही. प्रश्न होता तो झीज नेमकी कुठे झाली याचा. गाडी विकून टाकण्याचा सल्लाही मिळाला होता आणि तो वेडगळ नव्हता. परंतु जिच्यावर बसून मी अकरा वर्षे खानापूर तालुक्यातील शिबिरांना गेलो, तिची निदानाशिवाय बोळवण करणे मनाला पटेना.

निदानाचे पहिले साधन धूर. त्यासाठी चोर्ल्याचा घाट उत्तम. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे निघून पलीकडे केरीला उतरताना थ्रॉटल बराच वेळ बंद राहते. सिलिंडरात ओढ निर्माण होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे सील जीर्ण झाले असतील, तर तेल दांड्यावरून खाली ओढले जाते. मग उताराच्या शेवटी थ्रॉटल उघडताच निळ्या धुराचा एक लोट निघतो. उलट परतीच्या चढावर, भार असताना, सतत निळसर धूर येत राहिला, तर रिंगा गेल्या असे समजावे. माझ्या गाडीने दोन्ही लक्षणे दाखवली. मागून येणाऱ्या मित्राने ती इमानेइतबारे टिपून घेतली.

दुसरी तपासणी अधिक नेमकी आहे आणि आपल्यासारख्यांना ती विशेष आवडेल. या इंजिनात स्टार्टरला सोपे जावे म्हणून सुरुवातीला दाब आपोआप सोडणारी रचना असते. त्यामुळे नुसता दाबमापक लावून मिळणारा आकडा फसवा येतो. म्हणून पिस्टन अगदी वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत आणायचा, फिरू नये म्हणून अडकवून ठेवायचा, प्लगच्या भोकातून ठराविक दाबाची हवा आत सोडायची आणि त्यातली किती टक्के गळते ते मोजायचे. दहा टक्क्यांच्या आत असेल तर प्रकृती ठणठणीत. वीस-पंचवीसच्या वर गेली की इंजिन उघडावे. माझ्या गाडीत ती ३२ टक्के होती. आता ही हवा जाते कुठे? मेस्त्री कान लावून ऐकत होते. मी गाडीच्या पिशवीतला स्टेथोस्कोप काढला, त्याचा चेस्टपीस काढून टाकला आणि नुसती नळी एकेका द्वाराशी धरली. इनलेटशी शांतता. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक सीत्कार, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. आणि इंजिनाच्या पोटातून निघणाऱ्या श्वासनळीशी, म्हणजे ब्रीदरशी, भरपूर घरघर : रिंगा आणि सिलिंडर. मेस्त्रींनी नळी स्वतःच्या कानाला लावून पाहिली आणि पुढचे दोन दिवस ती परत दिली नाही.

इंजिन उघडायचे ठरले. पुण्यातल्या माझ्या भाच्याचा त्याच संध्याकाळी फोन आला. तो यंत्र-अभियंता आहे. "मामा, उघडतोच आहेस तर ५३५ टाकून घे की!" त्याचे म्हणणे निराधार नव्हते. २०१३ साली आलेल्या काँटिनेंटल जीटीमध्ये हेच कुळ, पिस्टनची धाव तीच ९० मिलिमीटर, फक्त व्यास ८४ ऐवजी ८७ होता. त्यामुळे घनफळ ५३५ झाले. जगभर अनेक हौशी लोक पाचशेचे इंजिन याच मापावर नेतात. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर हिशेब असा निघाला. घनफळात वाढ सात टक्के. कंपनीच्याच आकड्यांनुसार अश्वशक्ती २७.२ ची २९.१. म्हणजे दोन घोडे जास्त. आणि उष्णताही त्याच प्रमाणात जास्त. शिवाय पिस्टनचा माथा मूळ आकाराचा ठेवला, तर दाबाचे प्रमाण ८.५ वरून ९ च्या पुढे जाते आणि चढावर ठोका मारण्याची प्रवृत्ती वाढते. मोठा पिस्टन वजनाला वेगळा, म्हणजे क्रँकचा मूळ तोल बदलतो आणि कंप वाढू शकतो.

हे सारे एक वेळ सांभाळता आले असते. मला रोखले ते मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने. नोंदणीपुस्तकातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करू नये, असे ते सांगते. माझ्या पुस्तकात ४९९ लिहिले आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या तपासनीसाने सिलिंडर मोजले, तर काय उत्तर द्यायचे? ज्यांनी न्यायवैद्यक प्रकरणांत साक्षी दिल्या आहेत, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. भाचा थोडा हिरमुसला. मी मूळ मापाचाच नवा ब्लॉक-पिस्टन जोड मागवला.

आता खरे काम हेडमध्ये होते आणि या लेखात मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते त्याविषयीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हा या इंजिनातला सर्वांत दुर्दैवी भाग. धगधगता वायू प्रत्येक खेपेला त्याच्या गळ्याभोवतून जातो. त्याने ग्रहण केलेल्या उष्णतेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश, व्हॉल्व्ह बंद असताना जेवढा क्षण तो आपल्या बैठकीवर टेकतो तेवढ्यात, त्या एक-दीड मिलिमीटर रुंदीच्या कड्यातून हेडमध्ये उतरते. उरलेली दांड्यातून गाईडमध्ये. बैठक खड्डेदार झाली, काजळीने भरली किंवा गाईड सैल होऊन व्हॉल्व्ह तिरका टेकू लागला, की उष्णतेची ही वाट अरुंद होते, व्हॉल्व्ह अधिक तापतो, त्याची कड जळू लागते, गळती वाढते आणि गळतीच्या फटीतून पुन्हा ज्वाळाच जाते. म्हणजे ताकद, थंडावा आणि आयुष्य या तीन गोष्टींचा निर्णय त्या एका कड्यावर होतो. बाजारात शंभर शोभेच्या वस्तू मिळतात. पण या कड्यावर खर्च केलेल्या पैशाइतकी परतफेड त्यांपैकी एकही देत नाही.

सुदैवाने आपण बेळगावात राहतो. उद्यमबागेत ओतकाम आणि क्रँकशाफ्टचे काम करणाऱ्या कारखान्यांची इतकी परंपरा आहे, की शतांश मिलिमीटरची भाषा बोलणारी माणसे येथे चहाच्या टपरीवरही भेटतात. तिथल्या एका छोट्या कार्यशाळेत नवे गाईड बसवले, बैठका तीन कोनांत कापल्या (मधला ४५ अंशांचा, तोच टेकण्याचा) आणि नव्या व्हॉल्व्हशी त्या घासून जुळवल्या. इनलेट मार्गाच्या तोंडाशी ओतकामाची जी किंचित कड राहिली होती, तेवढीच हलक्या हाताने उतरवली. मार्ग आरशासारखा चकचकीत करण्याचा मोह कारागिराला होत होता. मी नको म्हटले. त्याने या फेऱ्यांच्या इंजिनात विशेष काही साधत नाही आणि चुकून जास्त धातू गेला तर तो परत येत नाही. पिस्टनच्या माथ्यावरची आणि ज्वलनकक्षातली काजळी दगडासारखी झाली होती. ती जागा व्यापते, दाब वाढवते आणि निखाऱ्यासारखी तापून अवेळी ज्वलन घडवते. जुन्या गाड्या पेट्रोल बदलल्यावरही ठोका देतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यानंतर तेल. या इंजिनासाठी १५डब्ल्यू-५०, जेएएसओ एमए दर्जाचे तेल सांगितलेले आहे, आणि ते सांगण्याला कारण आहे : हेच तेल क्लचलाही भिजवते, त्यामुळे मोटारीचे निसरडे तेल येथे चालत नाही. मी दर्जा आणि घट्टपणा तोच ठेवून संश्लेषित तेलाकडे वळलो. ढोबळ नियम असा, की तेलाचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग दुप्पट होतो. ११० अंशांवर जे तेल निवांत टिकते, त्याचे आयुष्य १३० अंशांवर चौथाईवर येते. संश्लेषित तेल हा मार सहन करते. पण सहन करायला लावण्यापेक्षा मारच कमी करावा, म्हणून तेलाचा शीतक बसवला.

येथे एक सावधानतेची सूचना. नुसता शीतक बसवणे हे अर्धेच काम होय. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा तेरा-चौदा अंशांवर येतो. अशा वेळी घरापासून दवाखान्यापर्यंतच्या तीन किलोमीटरांत तेल तापतच नाही आणि ज्वलनातून पोटात उतरलेले पाणी व पेट्रोल त्यातच राहते. तेल झाकणाच्या आतून पांढरट, दह्यासारखे दिसू लागले तर हेच झालेले असते. म्हणून ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट शीतकाबरोबर हवाच. तोवर तेल शीतकाला वळसा घालून जाते. दुसरे असे, की शीतक हेडच्या पुढे आडवा बांधू नये. सिलिंडरचा वारा अडवून तेल थंड करण्यात काय अर्थ आहे? आम्ही तो पुढच्या उभ्या नळीवर, एका बाजूला सरकवून बसवला. तेल भरण्याच्या झाकणाच्या जागी तापमापक असलेले झाकण आले. त्याची किंमत नगण्य, पण माझ्या मते या सर्व खटाटोपातली सर्वांत उपयुक्त वस्तू तीच. ज्याचे तापमानच कोणी मोजले नाही, त्याच्या तापावर इलाज कसला करायचा?

सायलेन्सरविषयी थोडक्यात. मोकळ्या धाटणीचा सायलेन्सर लावला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की चालवणाऱ्याला ताकद वाढल्याचा भास होतो. वायू मोकळा झाल्याने इंजिनात हवा थोडी अधिक येते. पण पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण विरळ होते आणि विरळ मिश्रण भाराखाली हेड तापवते. आमच्या परिचयातील एकाने अशी 'सुधारलेली' गाडी जुन्या बाजारातून घेतली. एका उन्हाळ्यात तिचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून निघाला. शिवाय रुग्णालयाभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्रासाठी आपणच फलक लावायचे आणि आपणच तोफा डागीत फाटकातून आत यायचे, हे शोभत नाही. मी मूळ सायलेन्सर ठेवला.

मिश्रणाचा प्रश्न मात्र आता सायलेन्सर न बदलणाऱ्यांनाही टाळता येत नाही, कारण पेट्रोलच बदलले आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते; या मिश्रणाला साडेतेरा पटच पुरते. म्हणजे जुन्या हिशेबाने फवारा मारला, तर मिश्रण सहा-सात टक्के विरळ पडते. सपाट रस्त्यावर संथ जाताना सायलेन्सरमधला प्राणवायूचा संवेदक ही तूट ओळखून भरून काढतो. परंतु पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे नेमका घाटात, संगणक संवेदकाचे न ऐकता स्वतःच्या जुन्या तक्त्याने चालतो. इथेनॉल बाष्प होताना थोडा गारवा देतो आणि ठोकाही कमी करतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. भाच्याने मूळ संगणकावर बसणारी एक छोटी पेटी आणून वरच्या थ्रॉटलला पेट्रोल किंचित वाढवून दिले. काँटिनेंटलचे दुःख त्याने असे भरून काढले. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मी त्याच वेळी नव्या मिश्रणाला टिकतील असे बदलून घेतले. जुन्या गाडीवाल्यांनी बाकी काही नाही केले तरी एवढे करावे.

कंपनी स्वतःही याच वाटेने गेली, हे पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या हिमालयनला तेलाचा शीतक आला, २०१८ च्या साडेसहाशेच्या जुळ्या सिलिंडरांनाही तो मिळाला, २०२० च्या मेटिऑरमध्ये वाऱ्याच्या जोडीला तेलाने थंड करण्याची योजना आली आणि २०२३ च्या हिमालयनमध्ये थेट पाणी.

आता आकडे. पहिल्या पाचशे किलोमीटरांत गाडी एका गतीने दामटली नाही, वरच्या गिअरमध्ये कुंथवलीही नाही. मग तेल बदलले. हवेची गळती ३२ वरून ८ टक्क्यांवर आली. दोन एप्रिल महिन्यांत, दुपारी, मागे सौ. बसलेल्या असताना केरीहून चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत तेलाचे तापमान नोंदले : कामापूर्वी नुसता तापमापक लावला होता तेव्हा १३१ अंश, कामानंतर ११२. ही एका रुग्णाची नोंद आहे, चाचणी नव्हे, हे आपल्या संख्याशास्त्रप्रेमी सभासदांनी सांगण्याआधी मीच सांगतो. तेल आता दोन बदलांच्या मध्ये काचेतल्या खुणेवरून जेमतेम हलते. आणि ताकद? कागदावर एकही घोडा वाढलेला नाही. पण ज्या वळणांवर दुसरा गिअर लागायचा, तिथे तिसरा पुरतो. सौभाग्यवतींचे निरीक्षण असे, की पूर्वी माथ्यावर थांबल्यावर पोटऱ्यांना जी धग लागायची ती आता लागत नाही. मला हा पुरावा तापमापकाहून भक्कम वाटतो. एकूण खर्च एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत बसला.

पावसाळ्यानंतर जांबोटीच्या रस्त्याची तांबडी माती पात्यांच्या खोबणीत वाळून बसते; ती मऊ ब्रशने काढणे हे माझे दसऱ्याच्या आदल्या दिवशीचे काम झाले आहे. तेल मी ५००० किलोमीटरला बदलतो. गाडी आता ७४००० वर आहे. क्रँकचे मोठे बेअरिंग आम्ही त्या वेळी उघडले नव्हते. हाताला ढिलाई लागत नव्हती आणि दुखत नसलेल्या ठिकाणी चीर देऊ नये यावर मेस्त्रींचे आणि माझे एकमत झाले. गेल्या महिन्यात मात्र थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्यांना एक बारीक आवाज ऐकू आला, मला आला नाही. त्यांनी स्टेथोस्कोपची नळी पुन्हा मागून घेतली आहे आणि दिवाळीनंतर या म्हणून सांगितले आहे.